बाणामागं गेलेला

या पेजवरच्या गोष्टी मी शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचायचे. हसायचे आणि फोन पर्समध्ये टाकायचे.

आता हसत नाही.

कारण गेल्या हिवाळ्यात, पौषातल्या एका रविवारी संध्याकाळी, वेरूळच्या अलीकडं आमच्या स्वतःच्या शेतात जे झालं, ते माझ्यासमोर झालं. मी पूर्ण शुद्धीत होते. दिवस मावळायचा होता. आणि तिथं मी एकटी नव्हते. सोबत जी माणसं होती त्यांना विचारलं तर तीही हेच सांगतील.

फक्त ती तुमच्याशी बोलणार नाहीत.

आडनावं गाळलीत. बाकी जसं झालं तसं लिहितेय.

मी तनुजा. संभाजीनगरात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. कॉलेजात असताना धनुर्विद्या खेळायचे. राज्याच्या संघात होते. मग खांदा दुखावला. मग लग्न झालं, नोकरी लागली. धनुष्य क्लबचं होतं, ते क्लबकडंच राहिलं. सगळ्यांना वाटलं मी विसरले.

मी विसरले नव्हते. रिक्षात बसलेली असले तरी उजव्या हाताची बोटं आपोआप वळायची, दोरी धरल्यासारखी. रात्री कूस बदलताना खांदा चाचपून बघायचे. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले की खांदा आता बरा झालाय, बेतानं खेळायला हरकत नाही. त्या दिवसापासून मला घरात बसवेना.

मला कंपाउंड धनुष्य हवं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. ओढताना सुरुवातीला जोर लागतो, पण पूर्ण ओढलं की एकदम हलकं होतं. त्यामुळं माणूस नेम धरून बराच वेळ तसाच थांबू शकतो. डोळ्यासमोर दोरीत एक बारीक कडी असते. तिच्यातून निशाण बघायचं.

नवं घ्यायचं तर आमच्या आवाक्याबाहेर होतं. माझी तेव्हाची संघातली जोडीदार मोनिका आता मुलांना धनुर्विद्या शिकवते. तिनं शोधाशोध केली आणि सांगितलं की उस्मानपुऱ्यात एका काकांकडं जुनं पडलंय, परदेशातून आणलेलं, बघून ये.

मी बघायला गेले.

जुन्या पद्धतीची इमारत, वरचा मजला, लिफ्ट नाही. फ्लॅटचं दार सताड उघडं होतं. बेल वाजवायची गरजच पडली नाही. दारासमोरच्या खुर्चीत एक काकू बसल्या होत्या आणि जिन्याकडं बघत होत्या. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच गेलं. दुसऱ्याच कुणाची वाट बघत होत्या, एवढं मला कळलं.

त्या अंबिकाकाकू. त्यांचे यजमान केशवकाका, निवृत्त प्राध्यापक, फार मृदू बोलणारे. त्यांनी आतून सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं धनुष्य आणलं. झाडाच्या सालीसारखे रंग होते त्याच्यावर. स्पर्धेचं धनुष्य असं नसतं. हे शिकारीचं होतं.

मी विचारलं, कुणाचं आहे.

मुलाचं, काका म्हणाले. हिमांशूचं. तो कॅनडात होता काही वर्षं. तिथं परवाना काढून हरणांच्या शिकारीला जायचे ते लोक.

आता कुठं असतो, असं मी विचारलं.

"बाहेर असतो," काका म्हणाले.

काकूंनी मान फिरवून जिन्याकडं बघितलं.

मी धनुष्य हातात घेतलं. जड होतं, पण हाताला बसलं. इतक्या वर्षांनी मुठीत ती पकड आली आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बाकी काही मी विचारलंच नाही.

मोनिकानं ते माझ्या मापाचं करून दिलं. हिमांशू उंच असावा. त्याचं धनुष्य माझ्या कानाच्या मागंपर्यंत ओढलं जायचं. तिनं चाकांवरचे स्क्रू सैल करून माप कमी केलं आणि पुन्हा गच्च आवळले.

सराव करायचा तो शेतात. वेरूळच्या रस्त्यावर आमची जमीन आहे. सासूबाई तिथंच राहतात. त्यांचं नाव द्वारकाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. मका काढून झाला होता, रान मोकळं होतं. समोर मातीचा उंच बांध. बांधाला मी चिंध्या भरलेली पोती टेकवून निशाण केलं. बांधापलीकडं डोक्याएवढी तूर उभी होती. तुरीखाली वाळक्या पाल्याचा थर.

पहिल्या रविवारी सकाळी मी उभी राहिले. बाण लावला. दोरी ओढली.

आणि ओढतच गेले.

हात गालापाशी थांबायला हवा होता. तो कानाच्या मागं गेला.

माप पुन्हा लांब झालं होतं.

मला वाटलं, स्क्रू सरकले. जुनी वस्तू आहे. मी तशीच अवघडून बाण सोडला. बाण पोत्याच्या कडेला लागला.

आणि मग...

माझ्या मागून कुणीतरी चालत निघालं.

मक्याच्या धसकटांवर पाय पडला की कसा आवाज होतो ते शेतातल्या माणसाला सांगायला नको. करकर, करकर. मला वाटलं आत्या आल्या. मी धनुष्य खाली घेऊन वळले.

मागं कुणी नव्हतं.

आवाज माझ्या बाजूनं पुढं गेला. एक पाय नीट पडायचा. दुसरा घासत यायचा. करकर... सर्रर्र. करकर... सर्रर्र. तो निशाणापर्यंत गेला, बांधावर चढला आणि थांबला.

परत आला नाही.

बैलगाडीखाली आमचा कुत्रा निजला होता. तो उठून उभा राहिला होता. भुंकत नव्हता. त्याची मान हळूहळू माझ्यापासून बांधाकडं फिरत गेली. आपण रस्त्यावरून जाणाऱ्याकडं बघतो तशी.

मी सामान आवरलं आणि घरी आले. नवऱ्याला, कृष्णाला, सांगितलं. तो वाळूजला कंपनीत आहे, आठवडाभर थकलेला असतो. डुक्कर असेल, म्हणाला. तुरीत फिरतात. मोनिकानं स्क्रू तपासले. ते तिनं आवळले होते तसेच गच्च होते. तरी माप लांब होतं. तिनं मला विचारलं, तूच तर नाही ना बदललं. मी नाही म्हणाले. तिनं पुन्हा कमी करून दिलं.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सोडून द्यायचं ना. पण मला खेळायचं होतं. वसंतात स्पर्धा होती. इतक्या वर्षांनी एक गोष्ट माझी स्वतःची होत होती. एका आवाजाला भिऊन मी ती परत द्यावी, हे मला पटेना.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले.

माप पुन्हा लांब होतं.

मी बाण सोडला, आणि ती पावलं निघाली. या वेळी ती बांधावर थांबली नाहीत. पलीकडं उतरली. तुरीत शिरली. वाळका पाला चुरचुरत गेला, लांब लांब गेला. मी दुसरा बाण सोडलाच नाही. तशीच ऐकत उभी राहिले. काहीतरी शोधतंय, असं वाटत होतं. चार पावलं जायची, थांबायची. परत थोडी पावलं. परत थांबायची.

आणि सगळीकडं शांत होतं. आमच्या बांधावर सकाळी साळुंक्यांचा नुसता कलकलाट असतो. त्या दिवशी एक पक्षी नव्हता.

विहिरीकडं आत्या भांडी घासत होत्या. मी पाणी प्यायला गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"तुझा मास्तर लंगडतो व्हय?"

मी विचारलं, कोण मास्तर.

"आत्ता तुझ्या मागून गेला तो. उंच हाय लई. पाठमोरा बघितला म्या. तुरीत कशाला शिरला? शेंगा भरल्यात, तुडवू नको म्हणावं."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हातारं माणूस, एकटं राहतं. मी म्हणाले, सांगते त्याला.

त्यानंतर मी ते धनुष्य घरी कपाटावर ठेवून दिलं. चादरीत गुंडाळून. ठरवलं, विकून टाकायचं. पण हात शिवशिवायचे. पूर्वी बोटं नुसती वळायची, आता रात्री झोपेत मी अख्खा हात मागं ओढायचे. कृष्णाला कोपर लागायचं. तो उठून बसायचा आणि म्हणायचा, अगं तू श्वास का रोखून धरलायस?

मला आठवायचं नाही.

मग ती वेळ आली, जिच्यामुळं मला उस्मानपुऱ्यात परत जावं लागलं.

मकर संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सुट्टी होती. मी स्वतःला समजावलं की शेवटचं एकदा चालवून बघू, उजेड आहे, आत्या आहेत, कुत्रा आहे. दुपारचं जेवण करून मी मोकळ्या रानात उभी राहिले. दोरी ओढली. कडीतून निशाणाकडं बघितलं.

कडीत निशाण नव्हतं.

कडीत तूर होती. दूरची, दाट तूर. आणि तिच्या मधोमध काहीतरी उभं होतं.

काय होतं ते मला सांगता येत नाही. शेंड्यांच्या वर थोडं काळसर, थोडं करडं. रोही, म्हणजे नीलगाय असते ना, तेवढं उंच. माणूसही असू शकला असता, डोक्यावरून घोंगडी घेतलेला. ते हलत नव्हतं. माझ्याकडं बघत होतं की पाठ करून होतं, तेही कळत नव्हतं.

मी हात खाली घ्यायचा प्रयत्न केला.

हात खाली येईना.

दुखत नव्हता, जड नव्हता. उलट फार हलका होता. कुणीतरी माझ्याबरोबर दोरी धरली असावी इतका हलका. माझ्या उजव्या कानापाशी एक श्वास आत गेला. माझा नव्हता. तो आत गेला आणि थांबून राहिला. मीही थांबले. मला फक्त एवढंच कळत होतं की आता थांबायचं. ते थोडं वळेल, मग सोडायचं.

पाठीत जोरात थाप बसली.

आत्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कवाधरनं हाका मारतेय. उन्हं कलली. अशीच उभी हाईस तू, खांबावानी."

मी खाली बघितलं. मी उभी राहिले तेव्हा सावली पायाशी होती. आता माझी सावली पार विहिरीपर्यंत गेली होती.

बाण अजून दोरीवर होता. मी तो सोडला नव्हता, एवढंच माझं नशीब.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी धनुष्य घेऊन केशवकाकांकडं गेले. दार तसंच सताड उघडं. काकू तशाच खुर्चीत. मी चादर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, काका, हे मला नको. पैसे नको, काही नको, फक्त हे ठेवून घ्या.

काकांनी कारण विचारलं. काय सांगणार? मी एवढंच म्हणाले की बाण सोडला की मागून कुणीतरी चालत जातं.

काका खाली बसले. बराच वेळ चादरीवर हात फिरवत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "डावा पाय ओढतो का गं तो?"

मी हे त्यांना सांगितलं नव्हतं.

मी मान हलवली. खुर्चीतून एक आवाज आला, हुंदक्यासारखा पण तोंड दाबून धरलेला.

मग काकांनी सगळं सांगितलं. हिमांशू कॅनडातून परत आला तो बदललेला. इथं शिकारीला बंदी, हे त्याला माहीत होतं. पण त्याला राहवत नसे. मोटारसायकलवरून पडून पाय अधू झाला होता, तरी जायचा. अजिंठ्याच्या बाजूला त्याच्या एका मित्राचं शेत होतं, सुदर्शन नावाच्या. रोही येऊन पीक खातात म्हणून संध्याकाळी दोघं दबा धरून बसायचे. घरी सांगायचे, हुरडा खायला चाललो.

एका संध्याकाळी हिमांशूनं बाण सोडला. सुदर्शन शेजारीच होता. तो म्हणाला, तुरीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. पण रोही पडला तर जसा धप्प आवाज होतो तसा नव्हता. हिमांशूनं धनुष्य त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, थांब, बघून येतो.

तो तुरीत गेला.

सुदर्शननं पावलं ऐकली, लांब जाईपर्यंत. मग ती थांबली.

एवढंच.

पोलीस आले, गाव आलं. तूर कापून काढली. विहिरी उपसल्या. ना हिमांशू मिळाला, ना बाण, ना जनावर. रक्ताचा थेंब नव्हता. आसपासच्या गावांत कुणी माणूस हरवलेला नव्हता. चार वर्षं झाली. सुदर्शन गाव सोडून गेला. जायच्या आधी धनुष्य काकांच्या दारात ठेवून गेला.

"मी खोटं बोललो नाही पोरी," काका म्हणाले. "तो बाहेरच आहे. तेवढंच आम्हाला माहिती आहे."

मी उठले. मला त्या घरात थांबवेना. पण काकांनी माझ्यापुढं हात जोडले. वडिलांच्या वयाचा माणूस. ते म्हणाले, एकदा चालव. आमच्यासमोर. आम्हाला फक्त ऐकू दे.

मी म्हणाले, काका, तुम्हीच चालवा ना.

ते म्हणाले की त्यांनी खूप वेळा प्रयत्न केला. गच्चीवर, माळावर. त्यांच्या हातून ते ओढलंच जात नाही.

मी नाही म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण वळून बघितलं तर काकू दारात उभ्या होत्या, चपला घालून.

तो रविवार.

काका आपली जुनी गाडी घेऊन आले. मी आत्यांना मुद्दाम शेजारच्या वस्तीवर पाठवलं होतं. ऊन मऊ झालं होतं. वारा पडला होता, तुरीचं पानही हलत नव्हतं. काका माझ्या मागं उभे राहिले. काकू थोड्या बाजूला, पदर दोन्ही हातांत धरून.

मी कडीतून बघितलं नाही. डोळे मिटले, ओढलं आणि सोडून दिलं. बाण कुठं गेला मला माहीत नाही. लागल्याचा आवाजच आला नाही.

थोडा वेळ काही झालं नाही.

मग...

करकर. सर्रर्र.

काकांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं रुतली. आवाज आमच्या मधून गेला, काकांच्या आणि काकूंच्या मधून. काकूंची मान त्याच्यासोबत फिरत गेली, कुत्र्याची फिरली होती तशीच. बांध चढला. पलीकडं उतरला. पाला चुरचुरू लागला.

काकांना हाक मारायची होती. ओठ नुसते हलत होते.

काकूंनी हाक मारली. मोठ्यानं नाही. जिन्याखाली खेळणाऱ्या मुलाला जेवायला बोलवावं तशी.

"हिमांशू. चल, घरी चल."

पावलं थांबली.

कुत्रा बैलगाडीखाली सरपटत गेला आणि कण्हू लागला.

मग पावलं फिरली. तोपर्यंत ती कधीच फिरली नव्हती. ती परत येऊ लागली. करकर... सर्रर्र. हळूहळू, दमलेल्या माणसासारखी. काका रडायला लागले. मीही रडत होते बहुतेक. मला भीती वाटत नव्हती त्या क्षणी. बरं वाटत होतं.

आणि मग मला दुसरा आवाज ऐकू आला.

त्याच्या मागं.

तुरीत, थोडं अंतर ठेवून, आणखी काहीतरी येत होतं. ते पाय ओढत नव्हतं. सावकाश, वजनदार, पाल्यावर दाबून दाबून. हिमांशूची पावलं थांबली की तेही थांबायचं. निघाली की निघायचं.

मी तुरीकडं बघितलं. वारा नव्हता. तरी तूर दुभंगत होती. पुढची वाट अरुंद होती, एका माणसाएवढी. मागची वाट रुंद होती.

मी काकांना म्हणाले, काका, त्याच्यासोबत कोण आहे?

काकांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही ते ऐकू येतंय. त्यांनी माझ्या हातातून धनुष्य काढून घेतलं.

काकू वळल्या आणि गाडीकडं चालू लागल्या. एकदाही मागं बघितलं नाही. पावलं त्यांच्यामागं. मी जागची हलले नाही. धसकटं माझ्या शेजारी वाकली, मोडली. मग जरा वेळानं पुन्हा वाकली, आणि या वेळी जास्त वाकली. मी श्वास घेतला नाही. ओल्या केसांचा वास आला, जनावराचा की माणसाचा ते सांगता येणार नाही.

काकूंनी गाडीचं मागचं दार उघडलं. बाजूला झाल्या. थांबल्या.

गाडी मागून खाली दबली.

काकू दार लावायला गेल्या आणि हात मागं घेतला. पुन्हा थांबल्या.

गाडी अजून दबली. टायर मातीत बसले.

मग त्यांनी दार लावलं. काकांनी गाडी सुरू केली. मी बघत राहिले. खुलताबादच्या दिशेनं, घाटाकडं गाडी गेली तेव्हा तिचा मागचा भाग रस्त्याला टेकतो की काय असं वाटत होतं.

त्यानंतर शेतात काही झालं नाही. साळुंक्या परत आल्या. आत्या अधूनमधून विचारतात, तो लंगडा मास्तर आता येत नाही का. मी म्हणते, गेला गावाकडं.

मोनिकानं दुसरं धनुष्य शोधलं होतं, चांगलं होतं म्हणे. मी घेतलं नाही. स्पर्धाही सोडली. ती माझ्यावर चिडली आणि तिचं चिडणं बरोबर आहे. तिला सांगू काय?

मला वाटलं होतं, संपलं.

पण माझ्या मनाला चैन पडेना. ते दोघं कसे असतील, हा विचार सारखा यायचा. फोन केला तर काका दोन शब्द बोलून ठेवून द्यायचे. शेवटी होळीच्या आधी एका संध्याकाळी शाळेतून निघाले ती सरळ उस्मानपुऱ्यात गेले.

या वेळी दार बंद होतं. मला बेल वाजवावी लागली.

काकूंनी दार उघडलं. मी त्यांना ओळखलंच नाही. नीट वेणी घातलेली, नवी साडी, चेहऱ्यावर तजेला. आत फोडणीचा वास. त्यांनी मला हाताला धरून बसवलं, शाळेची चौकशी केली, चकल्या दिल्या. दारासमोरची ती खुर्ची आता खिडकीपाशी होती. काका वाळले होते. पण तेही हसले.

टेबलावर ताटं मांडलेली होती. चार.

पाहुणे येणार आहेत का, मी विचारलं.

काकू म्हणाल्या, नाही गं, आम्हीच.

मी काकांकडं बघितलं. काकू स्वयंपाकघरात गेल्यावर मी हळूच विचारलं की हिमांशूचं एक ताट समजलं, चौथं कुणाचं.

काकांनी चष्मा काढून पुसला.

"आम्ही विचारलं नाही," ते म्हणाले. "पोरगा घरी येतो. जेवतो. एकटा येत नाही, तर नाही. आम्ही विचारणार नाही."

मग खालच्या आवाजात म्हणाले, "तूही विचारू नकोस. आता जा. त्यांची यायची वेळ झाली."

मी उठले. चपला नीट घातल्यासुद्धा नाहीत. जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर दिवा लागत होता, विझत होता.

खालून आवाज आला...

एक पाय पायरीवर. एक घासत.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. वाट दिली. दुसरं काय करणार होते. हिमांशूची पावलं माझ्यासमोरून वर गेली. जराही थांबली नाहीत. घरी जायची घाई असलेल्या माणसासारखी गेली.

मग मागची आली.

सावकाश. वजनदार. पायरी पायरी दाबत.

ती माझ्यासमोर आली आणि थांबली.

मी डोळे मिटले. माझ्या तोंडावर गरम श्वास आला. किती वेळ ते तिथं होतं मला माहीत नाही. वर काकूंनी दार उघडलं आणि हाक मारली, तेव्हा कुठं ते हललं आणि वर गेलं.

मी घरी कशी आले ते आठवत नाही.

हिमांशूनं तुरीत कुणाला बाण मारला, ते माणूस होतं की जनावर, मला माहीत नाही. मला कळूही नये. मी त्याला बाण मारला नाही. पण त्या दुपारी कडीतून त्याच्याकडं नेम धरून मीही उभी होते. उन्हं कलेपर्यंत उभी होते.

जिन्यात थांबून ते तेच बघत होतं का, की ती मीच?

कृष्णा म्हणतो, विसर आता. मी प्रयत्न करतेय. पण आम्हीही वरच्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी जिन्यात कुणाचीही पावलं वाजली की मी हातातलं काम सोडते आणि ऐकत उभी राहते... पाय ओढत कुणी येतंय का, ते नाही.

हिमांशूला सोडून ते एकटंच येतंय का, ते.